एका दातावरून ओळखलेला मासा



आज आम्ही एका माशाबद्दल बोलणार आहोत. हा मासा तुम्हाला बाजारात मिळणार नाही. कुठल्या तलावात, बोडीत किंवा नदीतही सापडणार नाही. त्याचा वंश संपून कोट्यवधी वर्षं झाली. त्याचं मागे जे काही उरलं, ते मुख्यतः दात. पण या दातांनी माणसांना नदीबद्दल, उन्हाळ्याबद्दल आणि पाण्याच्या काठाबद्दल बरंच काही शिकवलं. ते आज ऐकू या.

आधी एक प्रश्न. उन्हाळ्यात बोडी आटत जाते, पाणी गढूळ आणि गरम होतं, तेव्हा शेवटपर्यंत जिवंत राहणारा मासा कोणता? ज्यांच्या घरी मासेमारी चालते त्या लगेच सांगतील, मरळ आणि मागूर. रोहू, कटला आधीच पोट वर करून तरंगतात. मरळ मात्र मधूनमधून वर येते, तोंडानं हवेचा घोट घेते आणि पुन्हा खाली जाते. पाण्यात विरघळलेला प्राणवायू कमी झाला की तिला वरच्या हवेचा आधार असतो. हे लक्षात ठेवा, कारण आपल्या आजच्या माशाचंही जगणं काहीसं असंच होतं.

त्याचं शास्त्रीय नाव आहे सेरॅटोडस. ग्रीक भाषेतल्या या शब्दाचा अर्थ शिंगासारखा दात असलेला. आपण त्याला सोपेपणासाठी शिंगदात्या म्हणू.

शिंगदात्याचे दात कुठे सापडले? वर्धा आणि वैनगंगा या दोन नद्या गडचिरोली जिल्ह्यात चपराळ्याजवळ एकत्र येतात. तिथून पुढे त्यांना प्राणहिता म्हणतात. प्राणहिता महाराष्ट्र आणि तेलंगणाच्या सीमेवरून वाहत जाते आणि सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते. या प्राणहितेच्या खोऱ्यात, तेलंगणाच्या बाजूला मलेरी नावाचं गाव आहे. तिथे लाल चिकणमातीचे जुने थर उघडे पडलेले आहेत. पावसानं माती धुपून जाते आणि आतले कठीण तुकडे वर राहतात. त्या तुकड्यांमध्ये हे दात सापडले.

ही लाल माती सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वीची आहे. २२ कोटी हा आकडा नुसता ऐकून डोक्यात बसत नाही. म्हणून आम्ही धानाच्या दाण्यांचा हिशेब केला. एक वर्ष म्हणजे धानाचा एक दाणा समजा. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक १६७४ साली झाला, म्हणजे साडेतीनशे दाण्यांपूर्वी. तेवढे दाणे ओंजळीच्या तळाशी मावतात. आता शिंगदात्यापर्यंत मागे जायचं तर किती दाणे लागतील? हजार दाण्यांचं वजन २० ग्रॅम धरलं तर ४४ क्विंटल धान लागेल. एका बाजूला ओंजळीतले चार दाणे आणि दुसऱ्या बाजूला ४४ क्विंटलची रास, एवढा तो काळ जुना.

इतक्या काळात दात टिकला कसा? मासा मेला आणि नदीच्या गाळात गाडला गेला. वरून गाळाचे थर साचत गेले. पाण्यातले क्षार हळूहळू दातात झिरपले आणि तो दगडासारखा झाला. अशा अवशेषाला जीवाश्म म्हणतात. मग दातच का राहिला, बाकीचा मासा का नाही? कारण या माशाच्या सांगाड्याचा बराच भाग मऊ हाडाचा होता. आपल्या कानाचा वरचा भाग हातानं दुमडून पाहा, तसं मऊ हाड. ते कुजून जातं. दात मात्र फार कठीण असतात.

हे दातही आपल्यासारखे एकेक सुटे नव्हते. वर दोन आणि खाली दोन अशा मोठ्या चपट्या पाट्या होत्या. प्रत्येक पाटीला कोंबड्याच्या तुऱ्यासारखे उभे कंगोरे असत. मासा तोंड मिटायचा तेव्हा वरचे कंगोरे खालच्या खाचांत बसायचे. गोगलगायी, शिंपले यांसारखं कवचाचं खाणं चिरडायला असेच दात लागतात. म्हणजे नुसता दात पाहून त्याच्या ताटात काय असेल याचा अंदाज बांधता येतो.

मलेरीच्या दातांमागे नागपूरचं एक नाव आहे. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडहून आलेले मिशनरी १८४५ पासून नागपुरात राहत होते. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. धर्मकार्य आणि शाळा यांच्याबरोबर त्यांना दगडांचा आणि जीवाश्मांचा मोठा नाद होता. त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनाही तीच आवड. १८५९ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे प्रमुख थॉमस ओल्डहॅम यांनी मलेरीच्या दातांना नावं दिली. एका जातीला हिस्लॉप यांचं आणि दुसरीला हंटर यांचं नाव मिळालं. पुढे १८६३ साली नागपूरजवळच्या टाकळघाटची जुनी शिळावर्तुळं पाहून परतताना हिस्लॉप नदीच्या पाण्यात बुडून गेले.

त्या वेळी जगातल्या कोणत्याही शास्त्रज्ञानं हा मासा पाहिलेला नव्हता. असे दात इंग्लंडमध्येही सापडले होते. स्वित्झर्लंडचे लुई अ‍ॅगासी यांनी १८३० च्या दशकात त्यांना सेरॅटोडस हे नाव दिलं, तेव्हा त्यांना हा शार्कसारखा प्राणी वाटला. नुसत्या दातावरून यापेक्षा जास्त काय सांगणार? एखाद्या घरात फक्त पाटा-वरवंटा सापडावा आणि त्यावरून घरातल्या माणसांचे चेहरे सांगायचे, तसं ते होतं.

उत्तर आलं ते ऑस्ट्रेलियातून.

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड भागात बर्नेट आणि मेरी नावाच्या दोन नद्या आहेत. त्या नद्यांत एक मोठा, जाड खवल्यांचा मासा राहतो. तिथले मूळ रहिवासी, गब्बी गब्बी लोक, त्याला पवित्र मानत आले आहेत. बाहेरून येऊन वसलेले शेतकरी आणि पशुपालक मात्र तो पकडून खात असत. विल्यम फॉर्स्टर नावाच्या एका जमीनदारानं सिडनीच्या संग्रहालयाचे प्रमुख गेरार्ड क्रेफ्ट यांना या माशाबद्दल बरीच वर्षं आधी सांगितलं होतं. क्रेफ्ट यांना ते खरं वाटलं नव्हतं. १८७० साली तो मासा प्रत्यक्ष त्यांच्यासमोर आला. त्यांनी त्याचं तोंड उघडलं, तर आत त्याच कंगोरेदार पाट्या! जे दात आजवर फक्त दगडात पाहिले होते, ते ताज्या माशाच्या जबड्यात बसलेले होते. क्रेफ्ट यांनी माशाला फॉर्स्टर यांचं नाव दिलं.

यात आपल्यासाठी एक गोष्ट आहे. शास्त्राला तो मासा १८७० मध्ये कळला, पण नदीकाठच्या लोकांना तो पिढ्यान्‌पिढ्या माहीत होता. माहिती असणारी माणसं होती, त्यांना विचारणारं कोणी नव्हतं. आपल्याकडे कोणता मासा कधी अंडी घालतो, कोणत्या गवतात पिल्लं लपतात, हे मासे पकडणाऱ्या आणि विकणाऱ्या बायांना ठाऊक असतं. तेही ज्ञानच आहे. ते कुणी विचारायला येईल म्हणून थांबू नये, आपणच लिहून ठेवावं.

पुढे नीट अभ्यास झाल्यावर कळलं, की ऑस्ट्रेलियाचा मासा शिंगदात्याच्या अगदी त्याच वंशातला नाही, तर जवळचा नातेवाईक आहे. शिंगदात्याचा वंश डायनोसोरांच्या युगाच्या अखेरीच्या आसपास संपला. पण नातेवाईक हाती आल्यामुळे त्याच्याबद्दल कितीतरी गोष्टी उलगडल्या. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे श्वास. या माशाला कल्ले आहेतच, शिवाय एक फुप्फुसही आहे. पाणी चांगलं असतं तेव्हा कल्ल्यांवर भागतं. पाणी साचून खराब झालं, की तो वर येऊन तोंडानं हवा घेतो आणि ती फुप्फुसात भरतो. म्हणून या सगळ्या कुळाला फुप्फुसमासे म्हणतात.

इथे एक खुलासा करायला हवा. मरळ आणि मागूर हवा घेतात, म्हणून ते शिंगदात्याचे नातलग ठरत नाहीत. त्यांना फुप्फुस नसतं. डोक्यात कल्ल्यांच्या वरच्या बाजूला त्यांची हवा घेण्याची वेगळी सोय असते. अडचण एकच होती, आटणारं पाणी. दोघांनी उपाय वेगवेगळे शोधले. फुप्फुसमासे तर आपल्याला, म्हणजे जमिनीवर चालणाऱ्या प्राण्यांना, रोहू-कटल्यापेक्षा जवळचे आहेत. आज जिवंत असलेल्या माशांमध्ये तेच आपले सगळ्यात जवळचे भाऊबंद.

आज या कुळात फक्त सहा जाती उरल्या आहेत. ऑस्ट्रेलियात एक, आफ्रिकेत चार आणि दक्षिण अमेरिकेत एक. आफ्रिकेतले मासे तर उन्हाळ्यात चिखलात बीळ करून बसतात. अंगातून चिकट पाझर सोडतात, तो वाळून त्यांच्याभोवती पिशवी तयार होते आणि तिच्यात ते पाऊस येईपर्यंत कित्येक महिने पडून राहतात. ऑस्ट्रेलियाच्या माशाला हे जमत नाही. त्याला थोडं का होईना, पाणी लागतंच.

ऑस्ट्रेलिया, आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि भारत हे सगळे फार पूर्वी एकाच भूखंडाचे भाग होते. त्या भूखंडाला जगभर गोंडवन म्हणतात. हे नाव आपल्या गोंड लोकांच्या प्रदेशावरून पडलं. जगातल्या कोणत्याही शाळेत पृथ्वीचा जुना इतिहास शिकवताना हा शब्द येतो, हे आपल्या मुलींना जरूर सांगा.

आता परत मलेरीच्या लाल मातीकडे येऊ. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी विसाव्या शतकात या खोऱ्यात अनेक वर्षं काम केलं. शिंगदात्याच्या शेजारी तिथे आणखी कोण कोण राहत होतं, ते त्यातून पुढे आलं. सुसरीसारखे लांब तोंडाचे प्राणी होते. त्यातल्या एकाला हिस्लॉप यांचंच नाव दिलेलं आहे. चोचीसारख्या तोंडाचे, झाडपाला खाणारे सरपटणारे प्राणी होते. बेडकाच्या दूरच्या नात्यातले, पण लांबरुंद, चपट्या डोक्याचे प्राणी पाण्यात होते. एवढंच काय, दगड झालेली विष्ठाही सापडली. त्यातल्या काही तुकड्यांना शंखासारखे पिळे आहेत. फुप्फुसमाशाच्या आतड्यात जिन्यासारखा पिळा असतो, म्हणून असे तुकडे शिंगदात्याचे असावेत असं संशोधकांनी मानलं. शेणावरून जनावराची तब्येत आपण ओळखतो, तशीच ही ओळख.

त्या थरांमध्ये चुनखडीचे खडेही आहेत. असे खडे जिथे पावसाळा येतो आणि नंतर कडक कोरडा काळ जातो, तिथल्या मातीत तयार होतात. म्हणजे २२ कोटी वर्षांपूर्वी प्राणहितेच्या खोऱ्यात पावसाळ्यात फुगणाऱ्या आणि उन्हाळ्यात रोडावणाऱ्या नद्या होत्या. त्या डबक्यांत, गढूळ पाण्यात, शिंगदात्या टिकून राहिला.

मग असा चिवट मासा कशाला घाबरतो? याचं उत्तर त्याच्या ऑस्ट्रेलियातल्या नातेवाइकाकडे आहे. तो मीटरभर लांब वाढतो, कधी त्याहून मोठा. आयुष्यही मोठं. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात १९३८ साली आणलेली एक मादी आहे. तिचं नाव मेथुसेला. २०२३ मध्ये शास्त्रज्ञांनी तपासणी करून तिचं वय नव्वदीच्या घरात असल्याचा अंदाज दिला. या आजीबाईंना अंजीर आवडतं, तेही ताजंच लागतं.

असा दीर्घायुषी मासा अंडी मात्र एका ठरावीक जागी घालतो. काठाजवळच्या उथळ पाण्यात, पाणवनस्पतींवर. पिल्लंही तिथेच लपून मोठी होतात. तो काठ गेला, तर मोठे मासे अनेक वर्षं दिसत राहतात, पण नवी पिढी येत नाही. वरून सगळं ठीक दिसतं आणि आतून वंश थांबलेला असतो.

बर्नेट नदीवर २००५ साली पॅराडाइज नावाचं मोठं धरण पूर्ण झालं. धरणामुळे पाणी साठतं, शेतीला मिळतं, हे खरं आहे. पण जलाशयाची पातळी सतत वर-खाली होते, तेव्हा काठाच्या वनस्पती कधी खोल पाण्यात बुडतात, कधी उघड्या पडून वाळतात. अंडी घालायला जागा राहत नाही. हा मासा पकडायला तिथे १९१४ पासून बंदी आहे. पण पकडायची बंदी असून काय उपयोग, जर काठच उरला नाही? २००३ मध्ये त्याची नोंद धोक्यात असलेल्या जातींमध्ये झाली.

दुसरी नदी मेरी. तिच्यावरही २००६ साली एका मोठ्या धरणाची योजना जाहीर झाली. खोऱ्यातली शेतं आणि घरं पाण्याखाली जाणार होती. तिथले शेतकरी, बाया-माणसं, निसर्ग अभ्यासक एकत्र आले. सभा घेतल्या, अभ्यास मांडला, सरकारकडे दाद मागितली. तीन वर्षं हे चाललं. शेवटी २००९ च्या अखेरीस केंद्र सरकारनं योजनेला परवानगी नाकारली. कारणांमध्ये त्या नदीतल्या एका कासवाचं, एका कॉड जातीच्या माशाचं आणि आपल्या या फुप्फुसमाशाचं नाव होतं. ज्याच्या कुळानं डायनोसोर येताना पाहिले आणि जाताना पाहिले, त्याचा काठ माणसांनी एकत्र येऊन राखला.

मैत्रिणींनो, शिंगदात्या आपल्याकडून गेला, तो परत येणार नाही. पण त्याच्या कुळाची गोष्ट आपल्या तलावांना लागू पडते. मरळसुद्धा उथळ, वनस्पती असलेल्या पाण्यातच घरटं करते. तिची तांबूस पिल्लं थव्यानं फिरतात आणि आई-बाप त्यांची राखण करतात, हे तुम्ही पाहिलं असेल. आपण तलावाचा गाळ काढतो, ते चांगलंच आहे. पण यंत्रानं चारी बाजूंनी सरळ उभा काठ कापला, उतार आणि उथळ भाग राहिलाच नाही, किंवा काठभर बेशरम माजली, तर पाणी खूप असूनही माशांना पाळणा राहत नाही. बीज विकत आणून सोडावं लागतं आणि दरवर्षी तोच खर्च.

म्हणून या महिन्याच्या बैठकीत दोन कामं करा.

पहिलं काम तलावाचं. आपल्या तलावाला किंवा बोडीला सगळ्या जणींनी मिळून एक फेरी मारा. उथळ काठ कुठे आहे, पाणवनस्पती कुठे आहेत, पिल्लं कुठे दिसतात, ते कागदावर नकाशा काढून लिहा. गावात जी बाई सगळ्यात जास्त वर्षं मासे विकते आहे, तिला सोबत घ्या आणि तिला विचारा, पूर्वी कोणते मासे मिळायचे, आता कोणते मिळत नाहीत. हा कागद ग्रामसभेत ठेवा. गाळ काढायचं काम निघेल तेव्हा काठाचा एक भाग तसाच उतरता ठेवावा, अशी मागणी करा. मागणीबरोबर नकाशा असला की बोलणं वाऱ्यावर जात नाही.

दुसरं काम दगडांचं. सिरोंचा, चंद्रपूर या भागांत, आणि इतरही ठिकाणी, शेतात, नाल्यात किंवा रस्त्याच्या खोदकामात हाडासारखा, दातासारखा, लाकडासारखा दगड दिसू शकतो. तो फोडू नका, विकू नका, घरी देव्हाऱ्यातही ठेवू नका. जागेवरच राहू द्या. मोबाईलवर फोटो काढा, शेजारी एखादं नाणं ठेवा म्हणजे आकार कळेल. कोणत्या गटात, कोणत्या नाल्याजवळ, ते लिहा. मग ग्रामपंचायतीला, तहसील कार्यालयाला किंवा जवळच्या कॉलेजच्या भूशास्त्र विभागाला कळवा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मोठं कार्यालय नागपुरात आहे, तिथेही कळवता येतं.

जागेवर का ठेवायचं, हे मुलांना समजावून सांगा. मलेरीचा दात लाल मातीत सापडला, शेजारी चुनखडीचे खडे होते, सुसरीसारख्या प्राण्यांची हाडं होती, म्हणून त्या नदीची आणि त्या उन्हाळ्याची गोष्ट कळली. तोच दात कुणाच्या कपाटात पडून असता, तर तो नुसता एक काळा खडा राहिला असता.

तुमच्या तलावाचा नकाशा तयार झाला की आमच्याकडे पाठवा. कोणत्या गावात कोणता मासा उरला आहे आणि कोणता दिसेनासा झाला, ते आम्ही पुढच्या कार्यक्रमांत गावाच्या नावासह वाचून दाखवू. नमस्कार.